शिडी धरणारा

सुज्ञ वाचकहो, भरदुपारी, भररस्त्यात, चारचौघांच्या देखत एका स्त्रीच्या काळजाचे पाणी पाणी झाले आणि तरीही कोणास काही दिसले नाही, तो प्रसंग येथे यथामती कथन करतो.

पाट्या रंगविणारी ताई औषधांच्या दुकानावर शिडी लावून अक्षरे काढीत होती. अर्धी पाटी झाली असेल-नसेल, तोच खालून कोणीतरी शिडी घट्ट धरली.

"बिनधास्त रंगवा ताई. मी आहे ना!"

तिने खाली पाहिले. रोज बसथांब्यापासून मागे मागे येणारा, गर्दीचे निमित्त करून अंगाला अंग घासणारा इसम तो हाच.

"सोडा. मला गरज नाही."

"पडलात तर? हात मोडल्यावर काय, तोंडात ब्रश धरून रंगवणार?"

दुकानदार गल्ल्यावरून हसला. "अहो, देवमाणूस भेटलाय. धरू द्या की!"

त्याचे दोन्ही बाहू शिडीच्या दोहो बाजूंस होते. खाली उतरणे म्हणजे त्या मिठीतच उतरणे, हे ताईला कळून चुकले. ती झालेलेच अक्षर पुनःपुन्हा गिरवीत राहिली.

"किती सजवाल? या आता," तो हळूच म्हणाला. हे मात्र दुकानदारास ऐकू गेले नाही.

पाटीच्या वरच खिडकी होती. ताईने ब्रशच्या दांड्याने ती ठोठावली. वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशींनी ती उघडली.

"अगं बाई! जिना काय उंदरांनी खाल्ला?"

"मावशी, आधी हात द्या."

मावशींनी तिचा चेहरा पाहिला आणि मनगट धरून तिला आत ओढले.

खाली तो यत्किंचितही रागावला नाही. शिडी खांद्यावर घेत म्हणाला, "शेठ, ताईंची शिडी घरी पोचवतो. घर ठाऊक आहे मला."

"न्या, न्या. पुण्य लागेल."

ताईने खिडकीतून हे ऐकले. घरी धाकटी बहीण एकटी होती. ताईची शिडी पाहताच ती निःशंक दार उघडणार! त्या विचारासरशी ती खिडकीतून ओरडली.

"शेठ, अडवा त्याला! तो माझा कोणी नाही! रोज छळतो मला!"

सारा रस्ता वळून पाहू लागला. त्याने शिडी टाकली, हात झटकले, वर पाहून स्मित केले आणि चालू लागला. रस्ता ताईच्या घराचाच होता.

"मला काय ठाऊक?" दुकानदार पुटपुटला.

ताई आणि मावशी अनवाणीच जिना उतरून धावत सुटल्या.

ज्यांनी हे शेवटपर्यंत वाचले, त्यांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
छत्रीवाले अण्णा