पदरचा शब्द

दुभाष्याचं काम म्हणजे बोलणं दुसऱ्याचं आणि घसा आपला. पेशंट अरबीत "माझं पोट दुखतंय" म्हणाला, की मीही इंग्रजीत "माझं पोट दुखतंय" असंच म्हणायचं, "यांचं" नाही. खोलीत जे बोललं जाईल ते सगळं सांगायचं आणि पदरचा एक शब्द घालायचा नाही, असा आमच्या हॉस्पिटलचा नियम आहे. त्या हिशोबानं मी कितीदा तरी बाळंत झालेय आणि माझं प्रोस्टेटचं ऑपरेशनही होऊन गेलंय.

त्या सकाळी खोलीत आम्ही तिघंच होतो: सर्जन, मी आणि धाकट्या भावाला किडनी देणारी एक बाई. भावाला मुद्दाम बाहेर बसवलं होतं. देणाऱ्याला एकटं गाठून त्याचं मन बघायचं आणि जरा चलबिचल दिसली की ऑपरेशन रद्द करायचं, ही तिथली रीत. या भावाला तिच्याशिवाय देणारं दुसरं कोणी नव्हतं.

"गुरुवारी किडनी द्याल ना?" सर्जननं विचारलं. मी ते अरबीत केलं.

"इन्शाल्ला," बाई म्हणाली.

मी तोंड उघडायच्या आत सर्जननं पेनाला टोपण लावलं. हा शब्द त्याला येत होता. न यायला काय झालं? आमच्या हॉस्पिटलच्या इंग्रजीत तो दिवसभर ऐकू येतो. लिफ्ट कधी दुरुस्त होणार? इन्शाल्ला. माझी रजा मंजूर होईल का? इन्शाल्ला. आणि वर खी खी. म्हणजे बसा वाट बघत. अरबीचा गंध नसलेली माणसंसुद्धा असंच म्हणतात.

"देवाची इच्छा असेल तर," मी नियमाप्रमाणे इंग्रजीत सांगितलं.

"तेच ते. त्यांचं नक्की नाही," सर्जन मला म्हणाला. "मी असं ऑपरेशन करणार नाही."

माझं डोकंच सणकलं. अहो बाई, नुसतं हो म्हणा की, असं ओरडावंसं वाटलं. पण नियम म्हणजे नियम. मग मी नियमच धरला आणि सर्जन मला जे म्हणाला तेही तिला जसंच्या तसं अरबीत ऐकवलं.

बाई आधी पांढरीफटक पडली. मग चिडली.

"उद्याची कुठलीही गोष्ट मी हा शब्द लावल्याशिवाय कबूल करत नाही," ती म्हणाली. "उद्याचा दिवस काय माझ्या मालकीचा आहे? आता यांना विचारा, माझा भाऊ वाचेल ना?"

"माझा भाऊ वाचेल ना?" मी इंग्रजीत विचारलं. भाऊ तिचा, पण आवाज माझा कापला.

"मी माझ्याकडून कसर ठेवणार नाही," सर्जन म्हणाला. "पण खात्री कशी देऊ? सगळंच काही माझ्या हातात नसतं."

मी अरबीत सांगितलं. बाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं.

"म्हणजे यांचंही नक्की नाही वाटतं."

हेही मी शब्दाला शब्द लावून इंग्रजीत केलं. खरं सांगते, मनातून मजा वाटली. सर्जनचे कान लाल झाले. मग त्यानं पेनाचं टोपण काढलं.

"उद्याचं राहू द्या. तुमच्या मनानं घेतलंय का, एवढंच सांगा."

"ते कधीच घेतलंय," बाई म्हणाली. "त्याचा आजार कळला त्याच दिवशी."

गुरुवारी आधी बाईला आत नेलं. भाऊ दाराशी स्ट्रेचरवर पडून होता. सर्जन जवळून जाताना भावानं त्याची बाही घट्ट धरली आणि अरबीत काहीतरी पुटपुटला.

"माझी ताई परत येईल ना?" मी इंग्रजीत म्हणाले.

सर्जननं बंद दाराकडे पाहिलं.

"इन्शाल्ला," तो म्हणाला. या वेळी वर खी खी नव्हतं.

भावानं बाही सोडली. आता मला अरबीत सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. तरी मीही म्हणाले, इन्शाल्ला. तो शब्द मात्र माझ्या पदरचा होता.