मार्थामावशीच्या तोंडी गेलेलं वाक्य

मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. नाशिकच्या कॉलेज रोडवर, मिठाईच्या दुकानावरच्या कॉल सेंटरात बसून मी अमेरिकेतलं एक अख्खं गाव फिरवलं. तुमचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कपाटातल्या डांबरगोळ्यांचाही बसला नाही, आणि त्या बिचाऱ्या दोन वर्षं माझ्या शेजारी निमूट ऐकत होत्या. आज तेजलताईने कपाट आवरायला काढलं, म्हणून तुम्हा शिकवणीच्या मुलांच्या हाती लागलो.

तेव्हा मी कोरा होतो. कानाच्या गाद्या अशा मऊ, की माशी बसली तर झोपून जाई. तेजल सकाळी सहाला मला डोक्यावर चढवी. त्या वेळी तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असे, म्हणजे मी रोज सकाळी कालचे आवाज ऐकायचो. फोनवर तिचं नाव टीना. तिचा साहेब रोहित सांगायचा, "तेजल, हा पीस लय क्लिअर आहे. दुसऱ्या कुणाला देऊ नको." मी फुगून जायचो.

आमचं काम लोकांना मत विचारायचं. त्या गावात सरकारी दवाखाना ठेवावा की बंद करावा, यावर गावकरीच मतदान करणार होते. पाहणीचे पैसे देणारी संस्था होती 'आपलं गाव, आपली बचत'. नाव कसं गोड! मागे होते दूरच्या शहरातले मोठ्या खासगी दवाखान्यांचे मालक.

मार्था नावाची म्हातारी आठवड्यातून तीनदा रक्त धुवून घ्यायला त्याच दवाखान्यात जायची. पहिल्या फोनवर ती म्हणाली, "दवाखाना हवाच. नाहीतर मी जाऊ कुठे?"

मग तेजलने समोरचं वाक्य वाचलं : "हा दवाखाना तुमच्या नातवंडांच्या ताटातला घास खातो, हे कळल्यावर तुमचं मत बदलेल का?"

म्हातारीला धाप लागली होती. तेजलच्या तोंडून निघून गेलं, "मावशी, पाणी प्या आधी."

"मावशी म्हणजे काय गं?"

"आईची बहीण."

"मला असं कुणी म्हणत नाही," म्हातारी म्हणाली, आणि कितीतरी वेळ बोलत राहिली. चार मिनिटांचा फोन वीस मिनिटं चालला. रोहितने काचेपलीकडून घड्याळ दाखवलं.

ते वाक्य आम्ही नऊशे घरांत वाचलं. काही लोक बिचकले. बिचकलेल्यांचा आकडा टीव्हीवर गेला : निम्मं गाव दवाखान्याच्या विरोधात. आकडा पाहून एका पक्षाच्या उमेदवाराने भाषण बदललं. दुसऱ्या पक्षाचा दवाखान्यासाठी भांडत होता, तोही 'विचार करू' म्हणू लागला. तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा फोन लावले, तेव्हा मला थंडी वाजली. मी अजून काही विचारण्याआधीच घराघरातून माझंच वाक्य परत येत होतं. न्हावी तेच म्हणाला, शिक्षिका तेच म्हणाली. आवाज वेगळे, घास तोच. विहिरीत हाक मारावी आणि विहिरीने आपल्याआधी बोलावं, तसं वाटलं.

मग मार्थाचा नंबर लागला.

"बंदच करा," ती म्हणाली. "नातवंडांच्या ताटातला घास खातो तो."

तेजलने विचारलं, "मावशी, टीव्हीवर ऐकलंत का हे?"

"टीव्हीवर काय, कुणीही बोलतं. पण तू मला मावशी म्हणालीस. तू खोटं कशाला सांगशील?"

माझ्या गाद्यांना तेजलचा घाम लागला.

"मावशी, ते माझं वाक्य नव्हतं. मला लिहून दिलं होतं. तुमचं डायलिसिस कुठे होणार मग? उद्या मत द्यायचंय ना? तुमचं मत..."

फोन तुटला. रोहित दारात उभा होता. "हे काय करून बसलीस? आपण विचारायचं फक्त."

"आपण कुठे विचारत होतो, सर?"

तिने माझी वायर उपटली. तिच्या रागाच्या भरात मी पिशवीत आलो, आणि घरी कपाटात गेलो. गाद्यांचे पापुद्रे निघाले. कुणी विचारलं नाही. अजूनही माझ्या आत म्हातारीची धाप वाजते.

म्हणून मित्रांनो, कानात आलेलं वाक्य लगेच तोंडात घालू नका. ते कुणी लिहिलं, आधी पाहा. आणि माझ्यासारख्या जुन्या वस्तूची कधीमधी धूळ झटका.

घाबरू नका, शेवट चांगला आहे. मार्थामावशीने काठी उचलली आणि रातोरात घरोघर फिरली. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाने दवाखान्याच्या बाजूने मत दिलं. आजही ती तिथे जाते, परिचारिकांना मावशी म्हणायला शिकवते...

"खोटं," वेदिका म्हणाली. मागच्या सतरंजीवर बसणारी, सहावीतली. "तुझी वायर तर त्याच सकाळी उपटली. तेव्हापासून तू कपाटात. मग मार्थामावशी जगली, हे तू ऐकलंस कुठून?"