तुदाच्या घराचा धुमस

‘ऐक, माती काय म्हणते ते ऐक! घाई तुला आहे, तिला नाही.’

मित्रांनो, हा आवाज माझ्या कानी पडला तेव्हा माझ्या अंगाला अजून कच्च्या लाकडाचा वास येत होता. बोलत होता म्हातारा इद्दर गवंडी, आणि बोलणी खात होता त्याचा मुलगा बासू.

मी एक जुना धुमस आहे. जैतुनाच्या बुंध्यातून इद्दरने मला कोरलं. खाली जड, वर निमुळता, आणि धरायला लांब दांडा. आमच्या दादेस नदीच्या खोऱ्यात घर रचत नाहीत, ठोकतात. दोन फळ्या समोरासमोर बांधायच्या, मध्ये लाल माती ओतायची आणि माझ्यासारख्याने ती ठोकून ठोकून दगडासारखी करायची. मग फळ्या सोडून पुढे सरकवायच्या. नीट बसलेली माती ‘ठण्’ म्हणते, न बसलेली ‘भद्’. एवढंच माझं शिक्षण, पण ते पक्कं.

काय दिवस होते ते! भिंतीवर पुरुष उभे राहायचे, खाली बायका मातीच्या टोपल्या भरायच्या, आणि माझ्या ठोक्यावर गाणं चालायचं. लग्नाआधी पोरीचे वडील विचारत, ‘घर कोणी ठोकलंय?’ ‘इद्दरच्या धुमसाने,’ असं उत्तर आलं की होकाराचा चहा लगेच ओतला जाई.

पुढे खोऱ्यात सिमेंटचे ठोकळे आले. इद्दर गेला, बासू म्हातारा झाला, आणि मी कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला टेकू झालो. कोंबड्या माझ्या डोक्यावर बसत. त्यांनी माझा काय मान ठेवला ते सांगण्यासारखं नाही.

अशात एका सकाळी तुदा आली.

तुदा लहानपणीच कासाब्लांकाला एका मोठ्या घरी कामाला गेली आणि तिथेच स्वयंपाकीण झाली. केस पिकल्यावर गावी परतली आणि भाऊ हद्दूकडे उतरली. हद्दूची बायको वारली होती, मुलं परदेशी होती, घर मोठं होतं. पण तुदाच्या मनात एकच गोष्ट होती. आयुष्यभर दुसऱ्याच्या चुलीपुढे उभी राहिले, आता मरेपर्यंत स्वतःच्या दाराची कडी स्वतः लावायची. पाटाकाठचा बदामाच्या बागेचा तुकडा बापाने तिच्या नावावर ठेवलेलाच होता.

‘बासूकाका, मला घर बांधायचंय.’

‘नवरा?’

‘नाही.’

‘भाऊ?’

‘आहे, पण येणार नाही.’

‘याआधी कधी घर बांधलंयस?’

‘नाही. पण अख्ख्या लग्नाचं जेवण एकटीनं रांधलंय.’

बासू हसला. ‘चला, उपाशी तरी मरणार नाही.’ आणि त्याने खुराड्याच्या दारातून मला ओढून काढलं. कोंबड्यांनी केवढा आरडाओरडा केला!

अडचण कुठे होती, ते सांगतो. आमच्याकडे घर ठोकायला सगळं गाव येतं, पण घरातल्या पुरुषाने दारोदार जाऊन बोलवावं लागतं. हद्दू जायला तयार नव्हता. ‘मी जिवंत असताना बहिणीनं वेगळं घर करायचं? लोक म्हणतील, हद्दूनं हाकलली. माझ्या घरात खोल्या ओस पडल्यात!’

‘दादा, तुझ्या घरात मला खोली आहे,’ तुदा म्हणाली. ‘दार नाही.’

त्यावर तो तोंड फिरवून पाटाचं पाणी वळवायला गेला. त्या दिवसापासून त्याचं पाणी रोज आमच्याच बाजूला वळायला लागलं. दिवसभर खोरं घेऊन बांधावर उभा. तिथून हलायचा नाही.

तुदाने चुन्याने जमिनीवर घर आखलं. स्वयंपाकघर कासाब्लांकाच्या मालकिणीकडे होतं तेवढं! बासू त्यात फेऱ्या मारून आला आणि म्हणाला, ‘झकास. आता जर्दाळू वाळवायला छपरावर काय उडत जाणार?’ जिना राहिलाच होता. स्वयंपाकघर आक्रसलं, जिना आत आला. तिने खिडक्या सरकवल्या, पुन्हा सरकवल्या. ‘घर तुझं, भिंत माझी,’ बासू सांगायचा. ‘काय पाहिजे ते तू सांग. उभं कसं राहील ते मी सांगतो.’

पुरुष आले नाहीत, पण बायका आल्या. शेजारची इझ्झा सगळ्यांत पुढे. तिची जीभ तिखट आणि पाठ दणकट. त्या टोपल्या वाहत, बासू ठोकी. पण बासूचे गुडघे लवकरच कुरकुरू लागले आणि त्याने मला तुदाच्या हाती दिलं. मित्रांनो, बाईच्या हातात मी पहिल्यांदाच गेलो. तिच्या तळव्यावर तव्याचे जुने चटके होते. पुरुषांची गाणी तिला येत नव्हती, म्हणून तिने स्वतःचंच गायला घेतलं.

*बस गं माती, बस गं माती, अंग चोरून बस,*
*वाऱ्याला सांग, इथे राहते तुदा नावाची हौस.*

खाली बायका हसत आणि पुढची ओळ जोडत.

मग एकदा नातीच्या लग्नासाठी बासूला वरच्या गावी जावं लागलं. ‘मी येईपर्यंत फळ्यांना हात लावू नकोस,’ असं बजावून तो गेला. पण डोंगरावर ढग दिसले आणि तुदाला दम निघेना. तिने माती कालवली ती भाकरीच्या पिठासारखी. भरपूर पाणी, मऊ, लुसलुशीत. आयुष्यभर ज्याची सवय, हात तेच करणार. मी ठोकत होतो आणि माती ‘भद्, भद्’ म्हणत होती. मला कळत होतं. पण धुमसाला तोंड कुठे असतं?

फळ्या सोडल्या आणि भिंत सावकाश, लाजत लाजत, खाली बसली.

इझ्झा कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘अगं तुदे, भिंत घातलीस की भाकरी थापलीस?’

सगळ्या हसल्या. तुदा हसली नाही. चिखलातच बसून राहिली. बांधावरून हद्दूचा आवाज आला, ‘झालं समाधान? ऊठ, घरी चल.’ त्या क्षणी ती उठली असती तर हे घर झालं नसतं आणि मी पुन्हा खुराड्याला टेकू झालो असतो.

ती उठली नाही. दुसऱ्या दिवशी बासू आला. पडलेली भिंत त्याने पाहिली, पण ओरडला नाही. म्हणाला, ‘तुदे, कुसकुसाच्या रव्याला वाफेआधी पाणी किती लावतेस?’

‘किती म्हणजे? शिंपडायचं. मुठीत धरला तर गोळा व्हावा, सोडला की दाणा दाणा सुटावा.’ बोलता बोलता ती थांबली. मग मातीत हात घालून तिने मूठ वळली आणि सोडली. पुन्हा वळली, पुन्हा सोडली.

त्यानंतर तिच्या मातीने ‘ठण्’ सोडून दुसरा शब्द काढला नाही.

भिंती पुऱ्या झाल्या. आता छपराच्या तुळया चढवायच्या होत्या आणि ढग पुन्हा जमले होते. छप्पर नसलेली मातीची भिंत पावसात किती टिकणार? पुरुष अजून आलेले नव्हते. ‘नाही आले तर नाही आले,’ म्हणत इझ्झा, तुदा आणि बाकीच्या बायकांनी पहिली तुळई खांद्यावर घेतली. दोन पावलं चालल्या आणि तिसऱ्याला सगळ्या एकदम डुगडुगल्या.

‘अगं, थांबा! कंबर मोडेल कुणाची तरी!’ हद्दूने खोरं टाकलं, पाट ओलांडला आणि तुळईला खांदा दिला. मग वळून गावाकडे तोंड करून अशी हाक घातली की माझं लाकूडसुद्धा झणझणलं. ‘अरे, घरात बसून काय अंडी घालताय? माझ्या बहिणीचं छप्पर चढतंय!’

संध्याकाळपर्यंत छप्पर चढलं. तुदाने सगळ्यांना वाढलं. हद्दू खाली मान घालून जेवला आणि खोरं उचलून निघून गेला.

आता मी तिच्या दाराजवळच्या कोनाड्यात उभा असतो. ती येता-जाता माझ्यावरची धूळ पुसते. मित्रांनो, माझी एक विनंती आहे. घर एकदा बांधलं म्हणजे झालं, असं समजू नका. मातीच्या भिंतीला दरवर्षी पावसाआधी भुसा-मातीचा हात फिरवावा लागतो. राहून गेलं तर आधी एक बारीक भेग पडते, मग पाणी वाट काढतं. ज्याच्यावर जीव आहे त्याला हात लावत राहा. भिंत असो, अवजार असो, की माणूस.

यंदा हात फिरवायची वेळ आली तेव्हा न बोलावता हद्दू आला, खांद्यावर भुशाचं पोतं घेऊन. आतल्या बाजूने तुदा सारवत होती, बाहेरून तो. उन्हं कलेपर्यंत दोघांत भिंत होती आणि बोलणं नव्हतं. मग तो आत आला. तिने चहा ओतला, समोर भाकरी आणि मसूर ठेवले. त्याने घास मोडला, पण तोंडात घातला नाही. भिंतीकडे बघत म्हणाला,

‘लोकांचं नाव मी उगाच घेतलं, तुदे. लोक काही म्हणत नव्हते. तू आलीस, आणि घरात पुन्हा कुणीतरी जेवायला माझी वाट बघायला लागलं. मला एकट्याला घास जात नाही गं.’