कच्च्या टाक्याचा पट्टा

या, जरा जवळ सरकून बसा. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे या. गोष्ट लहानशीच आहे, एका बोक्याची, त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याची आणि एका बाईच्या हट्टाची. ऐकून झालं की मी तुमच्याकडे एक मागणं मागणार आहे. ते आत्ताच सांगत नाही. आधी ऐका तर खरं.

एका इमारतीत तळमजल्याच्या कोपऱ्यातल्या दोन खोल्यांत आत्या राहायची. ती तिथे कोणाची सख्खी आत्या नव्हती. पण पडदे, अभ्रे, गाद्यांची कव्हरं असं सगळ्या बिऱ्हाडांचं शिवणकाम तिच्याकडे यायचं, आणि मापं घेता घेता प्रत्येकाच्या घरातली खबरबात तिला कळायची, म्हणून ती सगळ्यांची आत्या झाली होती. खिडकीपाशी मशीन, मशीनपाशी खुर्ची आणि खिडकीच्या कठड्यावर फौजदार.

फौजदार म्हणजे करडा, रुंद गालांचा, डाव्या कानाचं टोक गेलेला बोका. रोज सकाळी अंगणात फेरी मारायची, कचऱ्याच्या कुठल्या डब्याचं झाकण उघडं राहिलंय ते बघायचं, कोणाच्या स्कूटरवर ऊन आलंय याचा तपास करायचा आणि मग कठड्यावर येऊन डोळे मिटायचे, असा त्याचा शिरस्ता. त्याला घरात कोंडून बघितलं नव्हतं असं नाही. एका पावसाळ्यात आत्याने दारं लावून घेतली, तर पठ्ठ्याने दाराला नखं घासून पंजे रक्तबंबाळ करून घेतले आणि अन्नाला तोंड लावलं नाही. शेवटी आत्याने हात जोडले. "देवा, काही जीव तू छपरासाठी घडवलेस आणि काही अंगणासाठी. याला घडवताना छप्पर विसरलासच तू. आता अंगणात त्याला सांभाळ, आणि तुला वेळ नसेल तेव्हा मी आहेच." मग तिने त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेऊन नसबंदीचं ऑपरेशन करून आणलं. कानाचं टोक गेलं ते तेव्हाच. ऑपरेशन झालेल्या मांजराची ती खूण.

आत्याबरोबर तिचा थोरला भाऊ राहायचा. त्याला सगळे दादा म्हणत. त्याने जन्मभर चामड्याच्या पिशव्या आणि पट्टे शिवले होते. आता हात कापायचे, नजर अधू झाली होती, पण ऐट तसूभर कमी झाली नव्हती. "माझी शिवण आजवर उसवलेली नाही," हे तो पाणी प्यावं तितक्या सहज आणि तितक्याच वेळा म्हणायचा. खोटं नव्हतं ते. त्याने शिवलेल्या पिशव्यांना झिजून भोकं पडायची, पण शिवण जिथल्या तिथे.

आता या सुखात खडा पडला तो असा. इमारतीच्या सेक्रेटरीच्या स्कूटरची सीट कोणीतरी नखांनी फाडली. सेक्रेटरी तसा वाईट माणूस नव्हता, पण स्कूटर त्याचा जीव की प्राण. तो जिन्यात उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पुढच्या सोमवारी सकाळी मांजरं पकडणारी गाडी येणार. ज्याच्या गळ्यात पट्टा आणि पट्ट्यावर मालकाचा फोन नंबर, ते मांजर राहील. बाकीची गावाबाहेर जातील. ओळख नाही त्याला इथे जागा नाही."

आत्या खिडकीतून म्हणाली, "त्याचा कान बघा की. ऑपरेशन झालेलं आहे."

"कान कापला म्हणजे ऑपरेशन झालं एवढंच कळतं, आत्या. मालक कोण ते कानावर लिहिलंय का?"

यात चूक काही नव्हती, हे आत्यालाही पटलं. बाहेर फिरणाऱ्या जिवाचा कोणीतरी वाली आहे, हे बघणाऱ्याला कळायला हवं. तिने त्याच दुपारी मऊ लाल फीत काढली, त्यावर न पुसणाऱ्या शाईने आपला नंबर लिहिला आणि पट्टा शिवला. पण फितीची दोन टोकं जिथे जुळतात तिथे मशीन चालवली नाही. तिथे हाताने एक कच्चा टाका घातला, कापड नुसतं जागेवर धरून ठेवण्यापुरता शिंपी घालतात तसा. जोराचा हिसका बसला की सुटावा असा.

दादाने तो पट्टा डोळ्यांपाशी नेला आणि त्याचा चेहरा पडला. "अगं, हे काय? गाठ मारायची विसरलीस."

"विसरले नाही. मुद्दामच."

"मुद्दाम कच्चं? आपल्या घरात?"

"दादा, तो कुंपणातून जातो, जाळीवर चढतो, फांदीवरून उडी मारतो. पट्टा कुठे अडकला तर दोनातलं एक तुटणार, पट्टा नाहीतर मान. मी पट्टा निवडला."

दादाने मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती.

आणि मग व्हायचं तेच झालं. पट्टे सुटू लागले. एक झुडपात सापडला, एक जाळीवर, एक पाण्याच्या टाकीपाशी. प्रत्येक वेळी सेक्रेटरी तो काठीच्या टोकावर लटकवून आत्याच्या खिडकीशी आणायचा. "आत्या, तुमचा माल काही टिकत नाही हो! माझ्या सीटचं कव्हर तुम्हीच शिवलेलं ना? तरीच फाटलं!"

"कव्हर नखांनी फाटलं, शिवण शाबूत आहे. बघून या," आत्या मशीनवरून मान वर न करता म्हणायची. आणि दुसरा पट्टा शिवायला घ्यायची, तोच कच्चा टाका घालून.

पण आतल्या खोलीत दादा हे सगळं ऐकत असायचा. बहिणीच्या शिवणीला कोणी नावं ठेवावीत, तीही खिडकीत येऊन, हे त्याच्या जिव्हारी लागायचं. रविवारी आत्या वरच्या मजल्यावर पडदे लावून द्यायला गेली, तेव्हा त्याने फौजदाराला मांडीवर घेतलं. जुन्या डब्यातून मेण लावलेला जाड दोरा काढला, चामड्याची सुई काढली, आणि त्या कच्च्या टाक्यावर दुहेरी शिवण घातली. कापऱ्या हातांनी, पण जन्माच्या सवयीने. शेवटी दोरा दाताने ओढून पाहिला. नेहमीसारखा पक्का. बोक्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "जा. आता तुला कोणी बेवारस म्हणणार नाही."

मायेने केलं हो त्याने. मायेत एवढंही दिसू नये माणसाला, याचं नवल वाटतं कधीकधी. पण ज्याने आयुष्यभर सुटू नये म्हणूनच टाका घातला, त्याच्या हाताला सुटण्यासाठीचा टाका कळावा तरी कसा?

सोमवारी सकाळी गाडी फाटकात उभी राहिली. गाडीवाला पिंजरा उतरवत होता, सेक्रेटरी सूचना देत होता, खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती. अनोळखी माणूस बघून फौजदार भिंतीवर उडाला, तिथून फाटकाच्या लोखंडी जाळीवर, आणि खाली उडी मारताना त्याचा पट्टा जाळीच्या वाकलेल्या टोकात अडकला.

तो ओरडला नाही. ओरडायला गळा मोकळा कुठे होता? नुसते पाय हवेत खरडत होते.

आत्या हातातलं शिवण टाकून धावली. तिने एका हाताने त्याला खालून उचलून धरलं. त्याने तिचं मनगट ओरबाडून काढलं, तिने सोडलं नाही. दुसऱ्या हाताने ती फीत ओढत होती. सुटेना. तिला समजेना, हा टाका आपला, सुटत का नाही? मग बोटांना मेणाचा दोरा लागला आणि ती काय ते समजली.

"दादा!"

दादा दारात उभा होताच. आत जाऊन तो चामडं कापायची रापी घेऊन आला, आणि सगळ्या इमारतीच्या देखत त्या म्हाताऱ्याने आपलीच शिवण कापली. एका झटक्यात. त्या क्षणी त्याचा हात अजिबात थरथरला नाही.

फौजदार आत्याच्या कडेवर धापा टाकत राहिला. मानेवरचे केस गेले होते, कातडीवर लाल वळ उमटला होता. दादा पायरीवर बसला आणि म्हणाला, "मी मारलं असतं गं त्याला."

"मारलं नाहीस. सोडवलंस," आत्या म्हणाली. "रडायचं असेल तर नंतर रड. आत्ता ते येतायत."

सेक्रेटरी आला. त्याचाही चेहरा उतरला होता. पण सगळ्यांसमोर केलेला नियम त्याच्या गळ्यातही अडकलाच होता की. तो म्हणाला, "आत्या, मी काही राक्षस नाही. माझ्याकडे बकलाचा जाड पट्टा आहे. आत्ता घाला त्याला, गाडी परत पाठवतो. पण गळा असा रिकामा असेल, तर मला त्याला गाडीवाल्याच्या ताब्यात द्यावं लागेल. आज याला सोडलं तर उद्या सगळे माझ्याच डोक्यावर बसतील."

एक पट्टा घालायचा, बस. गाडी गेली असती, तंटा मिटला असता, आणि उद्या आत्याने गुपचूप तो काढून टाकला असता तरी कोण बघणार होतं? खिडक्यांतून दोघीतिघींनी म्हटलंही, "घाला ना आत्या, कशाला ताणताय?"

आत्याने बोक्याच्या मानेवरचा वळ पाहिला.

"नाही घालणार."

"अहो पण..."

"जाड पट्टा या गळ्यात परत पडणार नाही. आणि आज तर कुठलाच नाही, आधी मान बरी होऊ दे. तुम्हाला ओळख हवी ना? मग त्याला टांगून ठेवणारी ओळख कशाला मागता?"

"मग नियमाचं काय करू मी?"

"पाळा की! पट्टा, पट्ट्यावर नंबर, नंबरावर मालक. हाच ना तुमचा नियम?" आत्याने जमिनीवर पडलेली कापलेली फीत उचलली आणि आपल्या ओरबाडलेल्या मनगटाला गुंडाळून हात त्याच्यासमोर धरला. "हा पट्टा. हा नंबर. लावा फोन. मालक भेटला नाही तर खुशाल न्या."

सगळे बघत होते. सेक्रेटरीने रागारागाने नंबर दाबला. आत्याच्या एप्रनच्या खिशात फोन वाजू लागला. तिने तो दोनचारदा वाजू दिला, बोक्याला दुसऱ्या कडेवर घेतलं, चष्मा सारखा केला आणि मग उचलला.

"हॅलो, कोण?"

"आत्या, मी तुमच्यासमोर उभा आहे!"

"नाव सांगा आधी. अनोळखी नंबरवर मी बोलत नाही."

खिडकीतून कोणीतरी फिस्सकन हसलं. सेक्रेटरी दात आवळून म्हणाला, "सेक्रेटरी बोलतोय."

"हां, बोला साहेब."

"इथे एक बोका सापडलाय."

"कसा आहे दिसायला?"

"करडा. एक कान तुटका."

"माणसाकडे कसा बघतो? आपण त्याचे भाडेकरू असल्यासारखा?"

सेक्रेटरीने नकळत फौजदाराकडे पाहिलं. फौजदाराने त्याच्याकडे पाहिलं. "...हो," सेक्रेटरी म्हणाला.

"मग आमचाच. सापडला कुठे?"

"आपल्याच फाटकात!"

"अगंबाई, म्हणजे घरीच आहे की! उगाच काळजीत पाडलंत. राहू द्या त्याला तिथेच." आणि तिने फोन ठेवून दिला.

गाडीवाला पिंजऱ्यावर हात टेकून इतका हसला की त्याला खोकला आला. "साहेब, मालक फोनवर बोलला आणि समोरही उभा आहे. मी हा बोका नेणार नाही. मला शिव्या खायची हौस नाही." त्याने पिंजरा गाडीत टाकला आणि तो निघून गेला.

सेक्रेटरीने फोन खिशात टाकला. मग हळूच म्हणाला, "आत्या, सीटचं कव्हर तेवढं..."

"आणून टाका. ते पक्कं शिवते. स्कूटर काही जाळीवरून उड्या मारत नाही."

मान बरी झाल्यावर आत्याने डॉक्टरीणबाईंकडून फौजदाराच्या खांद्यांमधल्या कातडीखाली चिप बसवून घेतली, तांदळाच्या दाण्याएवढी. पट्टा गळून पडला तरी ती पडत नाही. डॉक्टरांकडच्या यंत्राने बघितली की मालकाचा पत्ता लागतो. पण रस्त्यावरच्या माणसाकडे कुठलं आलंय यंत्र? म्हणून लाल फीतही राहिली, कच्च्या टाक्याचीच.

तो टाका मात्र पुढे आत्याने घातला नाही. दादा घालायचा. पहिल्यांदा त्याला जमेचना. हात आपोआप गाठ मारायला जायचा आणि आत्याला ती सोडवावी लागायची. "किती गं अवघड हे," तो म्हणायचा, "धरायचं, पण आवळायचं नाही." हळूहळू हाताला वळण लागलं. शिवून झालं की तो दोन्ही टोकं धरून हिसका द्यायचा, आणि पट्टा चटकन सुटला की लहान पोरासारखा खूश व्हायचा. "सुटली बघ माझी शिवण!" मग परत घालायचा. शेजारच्या इमारतींतूनही लोक पट्टे मागायला येऊ लागले. दादाने कोणालाच पक्का पट्टा दिला नाही. कोणी फारच हट्ट धरला तर म्हणायचा, "पक्कं हवं असेल तर पिशवी शिवून देतो. मांजराला नाही."

दादा आता नाही. फौजदार आहे, जरा थोराड झालाय, अजून फेरीवर जातो. पट्टे अजूनही सुटतात, आत्या अजूनही नवे शिवते, आणि कोणी काठीवर लटकवून आणला की दोन्ही हातांनी घेते.

तर आता माझं मागणं. तुमच्या वाटेत कधी झुडपात किंवा कुंपणावर एखादी सुटलेली फीत दिसली, तर ती शिवणाऱ्याला नावं ठेवू नका. कुठलातरी जीव तिच्यातून सुटून सुखरूप घरी गेलेला असेल. नंबर असेल तर फोन लावा. आणि लावायच्या आधी क्षणभर आमच्या दादाची आठवण काढा.