बावखलातली मत्स्यसंजीवनी

गास गावातल्या कॉन्रॅडच्या बावखलाच्या काठावर सकाळीच जत्रा भरली होती. बावखल म्हणजे वाडीतलं जुनं गोड्या पाण्याचं तळं. त्यात कॉन्रॅडनं दोन वर्षं जिवापाड जपून रोहू वाढवले होते. पंधरा दिवसांपासून रोज चार-पाच मरत होते, म्हणून एव्हरशाईन सिटीतल्या टू-बीएचके आश्रमातून मत्स्यानंद स्वामी अवतरले होते.

स्वामींपुढे दोन बादल्या आणि एक कॅन. कॅनवर ओम, क्रूस आणि चाँदतारा शेजारी शेजारी. गिऱ्हाईक कुठल्याही धर्माचं असो, सोय केलेली. उदबत्त्यांचा धूर इतका, की दुसरा कुठला वास नाकात शिरायची टाप नव्हती.

"हा मासा आता देह ठेवतो आहे!" स्वामी गरजले आणि त्यांनी जिवंत रोहू पहिल्या बादलीत सोडला. दोन-तीन मिनिटांत तो कलंडून पोट वर करून तरंगला. "कुणी हात लावू नका, आत्मा प्रवासात आहे!" मग स्वामींनी त्याला तीर्थाच्या बादलीत टाकलं, बराच वेळ पुटपुटले आणि मासा सुळकन पोहायला लागला. टाळ्या पडल्या. शेजारच्या कृष्णानं तर हातच जोडले.

स्वामींनी कॅन उचलला. "हेच ते दिव्य तेल! अर्धा कॅन खाद्यात, अर्धा पाण्यात. आणि पंप तीन दिवस बंद. घरघरीनं मंत्र फाटतो!"

पाण्यात हवा खेळवणारा तो पंप कॉन्रॅडनं स्वामींच्या निरोपावरून पहाटेच बंद केला होता. आता शेकडो मासे वर येऊन तोंडं उघडत होते. ते बघून त्यानं विचारलं, "स्वामी, हे असं का करतात?"

"दर्शनाला आलेत!"

भगतांच्या नादी लागणाऱ्यांना कॉन्रॅड आयुष्यभर हसला होता. आता स्वतःचेच मासे मरायला लागले, तेव्हा त्याचं हसू पार आटलं होतं. त्यानं कॅनचं झाकण उघडलं.

"पप्पा, थांबा!" विज्ञान शिकवणारी त्याची लेक जॉयस पुढे आली. तिनं कॅन हुंगला. "हा वास दातांच्या डॉक्टरकडे येतो. स्वामी, आणखी एक मासा मारून दाखवा ना."

टाळ्या पडत होत्या, स्वामींना नाही म्हणता येईना. दुसरा रोहू कलंडला. तेवढ्यात कॉन्रॅडची बायको कॅथरिन पुढे झाली आणि बाजारात रोज करते तेच तिनं केलं, माशाचा कल्ला उचलला.

"अगं बाय! हा लालभडक हाय, आनि हलतोय पन! मेलाय कुठं?"

जॉयसनं तो मासा विहिरीच्या साध्या पाण्यात सोडला. मंत्र नाही, तीर्थ नाही. तरी पाच मिनिटांत शेपूट हलली.

"पहिल्या बादलीत आणि ह्या कॅनमध्ये लवंगेचं तेल आहे," ती म्हणाली. "त्यानं मासा बेशुद्ध होतो. चांगल्या पाण्यात कल्ल्यांतून ते धुऊन निघतं, की जागा होतो. सगळं बावखल बेशुद्ध केलंत, तर कुठल्या बादलीत धुणार? आपले मासे मरतात ते पाण्यातला प्राणवायू संपतो म्हणून. जास्तीचं खाद्य तळाशी कुजतंय. पप्पा, पंप लावा!"

"नास्तिक!" स्वामी ओरडले.

कॅथरिननं घरातून सुका बोंबील आणून त्यांच्या हातावर ठेवला. "ह्याला उठवा, मग बोला."

स्वामी स्कूटरला किक मारत होते, तेव्हा कॉन्रॅड पंपाकडे धावला होता. पाणी उसळलं. पाऊण तासानं मासे एकेक करून खाली जायला लागले.

"म्हंजे ही तेलं वाईट?" कृष्णानं विचारलं.

"नाही," जॉयस म्हणाली. "लसणाचं, ओव्याचं तेल संशोधक थेंब मोजून खाद्यात घालून बघतात. काही माशांना त्याचा फायदाही होतो. पण ते मोजतात, तपासतात आणि चुकलं तर तसं सांगतात."

कॉन्रॅडला रडू आणि राग एकदमच आला. तो लोकांकडे वळला. "अर्धा किलो मासा घेताना आपण कोळणीच्या शब्दावर जात नाय, कल्ला उचलून बघतो. आणि इथं सगळं बावखल मी त्याच्या शब्दावर मारायला निघालो होतो. उद्या कुणी म्हणाला हात लावू नका, तर पहिला हात तिथंच लावा!"