पडद्याआडची मापं

मी टेप बोलतेय. गाणी वाजवणारी नव्हे हो, मापं घेणारी! साठ इंच लांब, पिवळीधमक, दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या. कारखान्यातून निघाले तेव्हा माझा तोरा काय सांगू! वाटलं, आता रोज नवी माणसं भेटणार.

कसलं काय! कपडे शिवणाऱ्या एका दादानं मला विकत घेतलं आणि धाकट्या बहिणीच्या हाती दिलं. दादा पुढे गिऱ्हाईक बघायचा, धाकटी मागे पडद्याआड बसून कापायची, शिवायची. हात असा, की शिवण शोधून सापडू नये. पण माणसाचं माप तिनं कधी घेतलंच नाही. ते काम दादाच्या टेपचं. मी आपली जुने शर्ट नि विजारी मोजत बसले. पोट आत ओढून मला फसवू बघणारं एखादं गिऱ्हाईक मिळावं म्हणून नुसती आसुसले होते!

लोक दादाला म्हणायचे, "तुझी बहीण भारी शिष्ट बुवा!" मला असा राग यायचा! अहो, मी तिच्या गळ्यात असायचे. बाहेर गप्पा रंगल्या की ती मशीन थांबवून कान द्यायची. तिलाही त्यांच्यात जाऊन बसायचं होतं. पण कुणी पडदा जरा हलवला, की तिचं काळीज धडधडायचं.

एकदा दादा दोन दिवस परगावी गेला. एका वायरमनच्या शर्टाच्या चिठ्ठीवर खिसा डावा की उजवा, तेवढंच पुसलं गेलं होतं. खाली त्याचा फोन नंबर होता. वायरमन स्वतः दोनदा दुकानात डोकावून गेला. हिनं तोंड उघडलं नाही. मग काय केलं असेल? दोन शर्ट शिवले! एक डाव्या खिशाचा, एक उजव्या.

दादानं आल्यावर कपाळावर हात मारला. "अगं, एक शब्द विचारायचास त्याला!"

"त्याला वाटलं असतं, हिला एवढंही कळत नाही."

"मग मला फोन करायचास."

"तुलाही तेच वाटलं असतं," म्हणाली आणि रडायलाच लागली.

 सहा महिन्यांनी दादाच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. तेव्हा धाकटी पुढे आली नाही, तर दुकानाला कुलूप.

तो तिला मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. निघायच्या घाईत मी गळ्यातच राहिले, म्हणून सगळं ऐकलं. बाई म्हणाल्या, "हा नुसता लाजाळूपणा नाही, शिष्टपणा तर नाहीच नाही. लोक आपल्याला कमी लेखतील, झिडकारतील या धास्तीनं तुम्ही माणसंच टाळत आलात. माणसं हवी असूनही! हा व्यक्तिमत्त्वाचा विकार आहे. बोलण्यानं आणि सरावानं त्यात खूप फरक पडतो. घाई मात्र नाही."

"म्हणजे मी मुळातच वाईट आहे, असं नाही?"

"मुळीच नाही."

धाकटीनं एवढा मोठा श्वास सोडला, की मी तिच्या छातीवर इंचभर खाली बसले.

मग दर आठवड्याला एक पायरी. आधी पडदा चार बोटं उघडा ठेवायचा. मग एका गिऱ्हाइकाला 'बसा' म्हणायचं. आधी वहीत लिहायचं, काय होईल असं वाटतं. नंतर लिहायचं, काय झालं. एका बाजूला 'हसतील', दुसऱ्या बाजूला 'पाणी मागितलं'. एकदा 'बसा' म्हणताना जीभ अडखळली, तर आमची धाकटी तीन आठवडे डॉक्टरीणबाईंकडे फिरकलीच नाही! बाईंचा फोन आला. रागावल्या नाहीत. पुन्हा सुरुवात झाली.

दादा इस्पितळात गेला आणि धाकटी पुढच्या टेबलाशी उभी राहिली. माझं पहिलं माणूस म्हणजे बँकेतल्या एक बाई. धाकटीनं त्यांच्या छातीचं माप घेतलं. चाळीस इंच!

आठ दिवसांनी त्या बाई नवा कुडता हातात घेऊन परत आल्या. दुकानात चार माणसं. "अहो, यात श्वास घेता येत नाही मला!"

 आता ही आत पळणार, पडदा कायमचा पडणार!

धाकटी जागची हलली नाही. "चुकलंच माझं. द्या, सैल करून देते."

"बरं. गुरुवारी येऊ?"

बस्स. एवढंच! आभाळ जागच्या जागी होतं.

मग तिनं मला कापड आखायच्या लाकडी पट्टीशेजारी ठेवून ताणून बघितलं. साठ इंचांत मी पाऊण इंच ढिली पडले होते. म्हणजे चाळीस इंचांत अर्ध्या इंचाचा घोटाळा. तिनं लगेच फोन लावला. "दादा, चूक माझी नव्हतीच रे! टेप ताणली गेलीय!" आणि गिऱ्हाइकांसमोर खळखळून हसली.

खापर माझ्यावर फुटलं, आणि मला काय हलकं वाटलं म्हणून सांगू! जन्मभर प्रत्येक चूक स्वतःच्या पदरात घेणारीनं पहिल्यांदाच एक चूक दुसऱ्याच्या गळ्यात घातली होती.

नवी टेप तिनं स्वतः बाजारात जाऊन आणली. मी आता खणात बटणांच्या डबीशेजारी पडून असते. तुमच्या ओळखीत कुणी असं आडोशाला बसत असेल, तर त्याला शिष्ट म्हणू नका एवढंच मागणं आहे. बाकी मी सुखी आहे. आयुष्यात अर्धा इंच चुकले खरी, पण त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही.