आज कोणती ओ.टी.?

शेजारच्या काकूंना दुसऱ्याच्या घरात डोकावल्याशिवाय सकाळचा चहा पचत नसे. हातात झाडू घेऊन त्या आपल्या फाटकापाशी उभ्या राहायच्या आणि पलीकडच्या घरातून कोण बाहेर पडतं ते बघायच्या. झाडू फक्त सोबतीला असायचा, त्याने झाडलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

पलीकडचं घर सिस्टरचं. ती मोठ्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरमध्ये होती, म्हणजे ओ.टी.त. तिचा नवरा पत्र्याची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात प्रेस मशीनवर होता आणि पाळी संपली तरी घरी येत नसे. कारण तोही ओ.टी.त, म्हणजे ओव्हरटाइमला. "कुठे गेली मंडळी?" असं काकूंनी विचारलं की सासरे जिन्यावरून ओरडायचे, "दोघंही ओ.टी.ला!" यात घोटाळा व्हायला लागला तेव्हा काकूंनी स्वतःच्या सोयीसाठी नंबर लावून टाकले. नवऱ्याची पहिली, सिस्टरची दुसरी. सिस्टर फाटकाबाहेर पडली की प्रश्न ठरलेला: "काय गं, आज कोणती ओ.टी.?" लोकांकडे ओटी भरतात आणि हिच्या घरातली ओ.टी. घर रिकामं करते, हा त्यांचा आवडता विनोद. तो त्यांनी इतक्यांदा केला होता की आता त्यावर हसायचं कामही त्यांनाच करावं लागायचं.

पहिली ओ.टी. चालली होती ती वरच्या मजल्यासाठी. जिना बांधून झाला होता, मजला व्हायचा होता. त्यामुळे जिना वर जाऊन आभाळात संपायचा. त्याच्या तिसऱ्या पायरीवर सासरे दिवसभर बसून असायचे आणि हाताशी जे लाकूड सापडेल ते चाकूने तासत राहायचे. त्यांचाही जन्म त्याच कारखान्यात, त्याच मशीनवर गेला होता. निवृत्त झाले तेव्हा लोक मुलाला जमीन देतात, दागिने देतात. यांनी मशीन दिलं आणि त्याच्याबरोबर एक पाचर.

पाचर म्हणजे काय, तर बोटभर लांबीचा लाकडाचा तुकडा. एका टोकाला निमुळता, तेल पिऊन काळा झालेला. नवरा रोज तो खिशातून नेई आणि रोज खिशातून परत आणी, कारखान्यात कधी ठेवत नसे. सुट्टीच्या दिवशी तो तुकडा झोपायच्या खोलीच्या खिडकीत ठोकलेला असायचा, कारण ती खिडकी वाऱ्याने खडखडायची. "कशाला हो लागते ही तिकडे?" असं सिस्टरने नव्या नवलाईत एकदा विचारलं होतं. "मशीन डुलतं जरा. त्याला लावतो," नवरा म्हणाला होता. तिला ते पटलं. थिएटरमध्ये गॉजचा एक तुकडा मोजणीत कमी भरला तर ही बाई सर्जनला टाके घालू देत नसे. पण घरातल्या लाकडाच्या तुकड्याबद्दल तिने पुन्हा तोंड उघडलं नाही.

अर्थात न विचारणं हीच तिची नोकरी होती. मोठे डॉक्टर जखमेवरची नजर न काढता नुसता तळवा पुढे करायचे आणि तिने त्यात हवं ते अवजार ठेवायचं. ठेवायचंही असं की चापट बसल्यासारखा आवाज आला पाहिजे, म्हणजे डॉक्टरांना न बघता कळतं की हातात आलं. का हवंय, कशाला हवंय, हे प्रश्न तिथे चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायचे. इतकी वर्षं हे केल्यावर सवय हाडीमाशी खिळते. पुढे आलेला तळवा रिकामा राहिलेला तिला बघवतच नसे, मग तो कोणाचाही असो.

म्हणूनच त्या दिवशी ती अनवाणी धावली. नवरा पाचर खिडकीतच विसरून निघाला होता. फाटकाबाहेर पोचल्यावर खिसे चाचपून तो थांबला, मागे वळला आणि त्याने हात पुढे केला. सिस्टरने ती पाचर त्याच्या तळव्यावर चट्कन आवाज करून ठेवली. तो हसला. "विसराळू मेले," ती म्हणाली. काकूंनी हा सोहळा झाडूसकट पाहिला.

दुपारी थिएटरमध्ये निरोप आला की हाताची केस येतेय, मशीनमध्ये चिरडलाय. सिस्टरने ट्रॉली मांडली, अवजारं मोजली, गॉज मोजले. केस आत आली तेव्हा तोंडावर मास्क होता आणि हात कपड्यात गुंडाळलेला होता. तिची नजर गेली ती शर्टावर. वरून दुसरं बटण तिने परवाच लावलं होतं. पांढरा दोरा संपला म्हणून निळ्या दोऱ्याने.

हेड सिस्टरने तिला खांद्याला धरून बाहेर नेलं. घरच्या माणसाच्या केसला उभं राहायचं नाही, असा नियम होता आणि नियम चांगलाच होता. बाहेरच्या बाकावर सासरे बसले होते. ऑपरेशन संपल्यावर मोठे डॉक्टर आले आणि म्हणाले, अंगठा आणि करंगळी राहिली, मधली तीन गेली. सासरे म्हणाले, "उजवा की डावा?" "उजवा," डॉक्टर म्हणाले. मग सिस्टरच्या हातात नवऱ्याच्या खिशातल्या वस्तूंची पिशवी आली. कंगवा, किल्ली, रुमाल आणि पाचर. तिने घरी आल्यावर पाचर खिडकीत ठोकून दिली आणि पदर तोंडात कोंबून रडली.

जखम भरली. कंपनीचे डॉक्टर येऊन बघून गेले. उजवा आणि डावा हात एकाच क्षणी दोन बटणं दाबू शकले तर पुन्हा प्रेसवर घेऊ, नाहीतर आवारात झाडूकाम देऊ, असं त्यांनी सांगितलं. नवऱ्याला झाडू हा शब्द त्या मशीनपेक्षा जास्त लागला. प्रेसवर ओव्हरटाइम होता आणि झाडूला नव्हता. शिवाय बापाच्या मशीनशेजारून केर काढत जायचं! मोठ्या डॉक्टरांनी मग त्याला इस्पितळाच्या मागच्या इमारतीत पाठवलं. दारावर पाटी होती: ओ.टी.

"अगं बाई, ही आणखी कुठली?" काकू म्हणाल्या.

"ऑक्युपेशनल थेरपी. गेलेली कामं हाताला परत शिकवतात."

"म्हणजे तिसरी," काकू म्हणाल्या आणि त्या दिवशी त्यांनी विनोद केला नाही.

तिसऱ्या ओ.टी.ची खोली उजेडाची होती. टेबलांवर कुलपं, नळ, कड्या, गुंड्यांच्या पट्ट्या, सगळं फळ्यांवर ठोकून ठेवलेलं. जणू कोणीतरी एक घर सुटं करून त्याचे भाग शिकवणीला बसवले होते. थेरपीवाली मुलगी नवऱ्याला काका म्हणायची आणि कधी चिडायची नाही. तिने त्याच्यासाठी मुद्दाम एक फळी करून घेतली होती. दोन टोकांना दोन बटणं, मध्ये दिवा. दोन्ही बटणं एकदम दाबली तरच दिवा लागायचा. नवऱ्याचा डावा हात ठोक्याबरोबर पडे आणि उजवा पंजा मागून, लंगडत आल्यासारखा. दिवा लागत नसे. तो घामाघूम व्हायचा, शिव्या गिळायचा आणि पुन्हा हात मारायचा. ड्यूटी संपवून आलेली सिस्टर मागच्या स्टुलावर बसून बघायची आणि नकळत स्वतःच्या दोन्ही मुठी आवळायची.

एके दिवशी तो घरी म्हणाला, "उद्या येताना ती पाचर आण."

तिने आणली. मागितली म्हणून दिली. त्याने ती डाव्या हाताने उजव्या बटणाच्या कडेला धरली, मनगटाने एक ठोसा दिला आणि बटण दाबलेलंच राहिलं. मग त्याने डावं बटण दाबलं. दिवा लागला. सोडलं, विझला. दाबलं, लागला. उजवा पंजा मोकळा होता आणि तो फळीच्या मध्यावर, दिव्याखाली, झाकण सरकवल्यासारखा आपोआप आत-बाहेर करत होता.

"बघ," तो थेरपीवालीला म्हणाला, "मी आहे की फिट."

"काका, दोन बटणं असतात ती दोन्ही हात मशीनच्या बाहेर राहावेत म्हणून," ती हळू आवाजात म्हणाली.

सिस्टर स्टुलावरून उठली. मशीन डुलत नव्हतं. मशीनला काहीसुद्धा झालेलं नव्हतं. त्या दिवशी फाटकात त्याच्या तळव्यावर आपण काय ठेवलं हे तिला त्या उजेडाच्या खोलीत कळलं, आणि तिला तिथल्या नळाचा आधार घ्यावा लागला. तो नळही फळीवरचाच होता. त्याला पाणी नव्हतं.

घरी आल्याबरोबर ती जिन्यापाशी गेली. "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत काय? मीच शोधून काढलंय ते," सासरे म्हणाले. "दोन्ही हात बटणावर अडकवून ठेवले तर झाकणं काय भुतं सरकवणार? अख्ख्या खात्याला ठाऊक आहे. साहेबालाही ठाऊक आहे. पाचर लावताना तो मुद्दाम शिंकतो, म्हणजे डोळे मिटलेले राहतात." त्यांनी दोन्ही पंजे तिच्यापुढे धरले. "माझी मोज. दहाच्या दहा आहेत. पाचर नाही चुकली, सूनबाई. याचा हात चुकला."

"मग ती खिशात कशी आली?"

"लंबूने घातली. त्याच्या शेजारच्या मशीनवर असतो ना तो. पोरगं हुशार. आधी पाचर काढली, मग याचा हात. नाहीतर कंपनीने हात झटकले असते."

सिस्टरला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. तिला त्या म्हाताऱ्याचा राग आला, लंबूचा आला, शिंकणाऱ्या साहेबाचा आला. पण सगळ्यांत जास्त राग आला तो स्वतःच्या त्या धावत गेलेल्या पायांचा. रात्रीच्या जेवणाला ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही मला खरं सांगितलं नाहीत."

"तू परत विचारलंस का कधी?" तो म्हणाला आणि चमचा डाव्या हातात घेऊन जेवू लागला.

पाचर तिने पर्समध्ये टाकली. खिडकी खडखडली तर खडखडू दे. तिसऱ्या ओ.टी.ला मात्र ती त्याला नेत राहिली, कारण दोन हातांनी खरोखरच जमलं तर पाचरीची गरज उरणार नाही, असं तिने मनाशी पक्कं धरलं होतं. आशा वेडी असते म्हणतात ते उगाच नाही. आणि एका दुपारी जमलं. डावा हात आणि उजवा पंजा एकाच ठोक्याला पडले. दिवा लागला. पुन्हा लागला. थेरपीवालीने टाळ्या वाजवल्या आणि सिस्टरने नवऱ्याचा तो तुटका पंजा सगळ्यांदेखत गालाला लावला. "आता असंच करायचं हं," ती म्हणाली. "हो गं," तो म्हणाला. तो खूश होता, खूश माणूस कशालाही हो म्हणतो.

कामावर परत जायच्या सकाळी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. फाटकाबाहेर गेला, खिसे चाचपले, थांबला आणि मागे वळला. त्याने हात पुढे केला. अंगठा, करंगळी आणि मध्ये गुळगुळीत झालेली शिवण.

"अगं, दे ना ती."

सिस्टरने पर्समध्ये हात घातला, पाचर मुठीत धरली आणि मूठ बाहेर काढलीच नाही. तो तळवा तिच्यासमोर रिकामा राहिला. असं तिच्या हातून आजवर कधी झालं नव्हतं.

"नाही देणार."

"वेडी आहेस का? नुसत्या दोन हातांनी काम केलं तर ओ.टी. कोण देणार मला? मजला कधी व्हायचा?"

"नको मला मजला. मी साहेबांना जाऊन सांगेन."

"साहेबानेच काल विचारलं, वेग तोच राहील ना म्हणून."

तेवढ्यात जिन्यावरून सासरे उतरले. त्यांच्या अंगावरून लाकडाचं भुसकट गळत होतं. "तिची तिला राहू दे रे," ते म्हणाले. "ती जुनी काय कामाची? ती उजव्या बटणाची होती. आता बटण दाबायला तो उजवा पंजा पुरे. ही घे. डाव्या बटणाला बसेल अशी केलीय, म्हणजे चांगला हात माल सरकवायला मोकळा."

नवी पाचर पांढरी होती, अजून तेल न लागलेली. नवऱ्याने ती घेतली. सिस्टरने धावत जाऊन त्याची डावी बाही धरली.

"अहो, हा एकच राहिलाय."

"काही होत नाही. एकदा वीज पडली तिथे परत पडत नसते," तो म्हणाला. त्याने तिची बोटं एकेक करून बाहीवरून सोडवली, तीही डाव्याच हाताने, आणि वळणावरून दिसेनासा झाला. सासरे पुन्हा तिसऱ्या पायरीवर जाऊन बसले.

सिस्टर फाटकात उभी राहिली. तिची ड्यूटीची वेळ होत आली होती. आज थिएटरमध्ये ट्रॉली तिलाच मांडायची होती. पलीकडे काकू झाडू घेऊन उभ्या होत्या. आज त्यांना खरोखरच आनंद झाला होता.

"गेला का कामावर? बरं झालं बाई. कोणती गं आज, ओ.टी.?"

"पहिली," सिस्टर म्हणाली.